दगडू आणि नकुसा

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे गुरुजी असतील त्यांनी एक करून पाहावे. शाळेच्या कपाटातले सर्वांत जुने जनरल रजिस्टर काढावे आणि पहिली चार पाने नुसती नावांसाठी वाचावी. दगडू, धोंडू, केरू, भिकू, कोंडिबा, उकिर्डा अशी नावे त्यात भेटतील. वर्गातल्या मुलांना ती वाचून दाखवलीत तर मुले खदखदून हसतील. हसू द्या. पण मग त्या नावांची हकीकतही सांगा. ती हसण्यासारखी नाही.

ज्या घरातली दोन-तीन मुले पाळण्यातच गेली, त्या घरात पुढचे मूल जन्मले की आईच्या पोटात गोळा येई. बाळाला गोड नाव ठेवले, त्याचे कौतुक केले, तर कोणाची तरी दृष्ट लागणार, मरणाचे लक्ष त्याच्याकडे जाणार. मग करायचे काय? तर या पोराची आपल्याला काडीची किंमत नाही, असे सोंग करायचे. बाळाला सुपात घालून केरावर नेऊन ठेवायचे आणि शेजारणीने उचलून आणायचे. तो झाला केरू, नाहीतर उकिर्डा. पसाभर कोंड्याला विकून परत घेतला, तो कोंडिबा. भीक म्हणून पदरात पडला, तो भिकू. दगडाला कोण कशाला नेईल? म्हणून दगडू. आणि मुलग्याचे नाक टोचून त्यात नथ घातली, म्हणजे मरणाला तो मुलगी वाटावा, तो नथू. मुलगी न्यायला मरणही फारसे उत्सुक नसते, असा तो हिशेब. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मात्र प्रत्येक धोंडूच्या मागे मेलेली भावंडे असतीलच असे नाही, बरं का. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात जन्मला म्हणूनही धोंडू होतो. आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत तर आपल्याकडे होतीच.

ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालमध्ये तिनकडी आणि पाँचकडी अशी नावे होती: तीन कवड्यांना, पाच कवड्यांना विकत घेतलेला. मंगोलियात मुलाला नेरगुई म्हणतात, म्हणजे ‘नाव नाही’, किंवा एनेबिश, म्हणजे ‘हा तो नव्हे’. मरण दारात येऊन विचारणार, आणि घरचे सांगणार की तुम्हांला हवा तो हा नव्हे! रोमन अमदानीतल्या इजिप्तमधील पपायरसच्या कागदांवर कोप्रेउस हे नाव पुष्कळदा सापडते. ग्रीक भाषेत कोप्रोस म्हणजे शेण, उकिरडा. उकिरड्यावर टाकलेले मूल कोणी उचलून वाढवले म्हणून हे नाव, असे काही पंडित म्हणतात; दृष्ट टाळण्यासाठी ते ठेवीत, असे दुसरे म्हणतात. आपल्या उकिर्ड्याला ओळखणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी पटतील.

नायजेरियातल्या योरुबा लोकांची नावे मला सर्वांत चटका लावणारी वाटतात. वारंवार मुले दगावली तर एकच जीव पुन्हा पुन्हा येतो आणि जातो, अशी त्यांची समजूत. म्हणून नावातूनच त्याची विनवणी करायची: मालोमो, म्हणजे ‘आता जाऊ नकोस’. आणि कोसोको, म्हणजे ‘खोरे नाही’. खड्डा खणायला घरात खोरेच उरले नाही, तेव्हा तुला राहावेच लागेल. कोसोको नावाचा एक राजा १८४५ ते १८५१ या काळात लागोसच्या गादीवर होता.

आपल्याकडेही अशा नावांनी कोणाचे काही अडले नाही. १६७३ साली साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला तो कोंडाजी फर्जंदाने. १९५८ साली भारतरत्न झाले ते महर्षी कर्वे धोंडो केशव. आणि पुण्याचा दगडूशेठ गणपती कोणाला ठाऊक नाही?

१९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. मरणाला फसवण्याची गरज कमी झाली, आणि पाळण्यातले दगडू-केरूही कमी झाले.

पण त्याच रजिस्टरात आणखी एक नाव सापडेल: नकुसा, कुठे नकोशी. ते केरूच्या शेजारी लिहिलेले असते, म्हणून ऐकणाऱ्याला एकाच जातीचे वाटते. तसे ते नाही. केरूची आई खोटे बोलत होती. मूल हवे होते म्हणूनच नको म्हणत होती. नकुसाच्या घरचे खरे बोलत होते. तीन-चार मुलींवर पुन्हा मुलगी झाली, आता पुरे, हे देवाला कळावे आणि पुढच्या खेपेला मुलगा व्हावा, म्हणून हे नाव. बंगालमधली आन्नाकाली हिची बहीण: ‘आता नको, कालीमाते’. चीनमधली लाइदीही तिचीच बहीण. त्या नावाचा अर्थ ‘धाकट्या भावाला आण’. नथूच्या नाकातली नथ आठवा. मरणालाही मुलीचे मोल नसते असे जिथे मानले, तिथे मुलीचे नाव नकुसा ठेवताना कोणाची जीभ अडखळली नसेल.

दगडूला गावाने दगडूशेठ केले. नकुसाच्या पुढे बाई लावा, ताई लावा, अर्थ जागचा हलत नाही. रोज सकाळी हजेरीला ती तो ऐकते आणि ‘हजर’ म्हणते.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. अशा नावाच्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली, नव्या नावांचे दाखले मिळाले. कोणी सिनेमातल्या नटीवरून ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. गुरुजी, तुमच्या हजेरीपटावर अजून एखादी नकुसा असेल, तर उद्या मधल्या सुट्टीत तिला एकटीला बोलवा आणि विचारा, तुला कोणत्या नावाने हाक मारू? बहुतेक तिने ते मनात केव्हाच ठरवलेले असेल.