रिआल्टोचा पूल

शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ज्यांनी कॉलेजात अभ्यासले, त्यांना रिआल्टो हे नाव परिचित आहे. नाटकातील रिआल्टो म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ. त्या पेठेला पैलतीराशी जोडणाऱ्या पादचारी पुलाचा इतिहास मात्र सरकारी नोकरीत केस पिकविलेल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल.

व्हेनिसच्या महाकालव्यावर बाराव्या शतकात येथे नावांचा तरता पूल होता. पुढील शतकात लाकडी पूल आला. १४४४ मध्ये फेराराच्या अधिपतीच्या विवाहाचा जलसमारंभ पाहावयास लोटलेल्या गर्दीच्या भाराने तो कोसळला. १५२४ मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. दगडी पुलाची सूचना १५०३ मध्येच पुढे आली होती. काम सुरू व्हावयास १५८८ साल उजाडले! दप्तराशी रोजचा संबंध असणाऱ्यांस याचे नवल वाटू नये.

पालाडिओसारख्या विख्यात वास्तुविशारदाने अनेक कमानींचा भव्य आराखडा काढला होता. काम सोपविण्यात आले ते मात्र अंतोनिओ दा पोंते या मीठखात्यातील, पंचाहत्तरीच्या घरातील स्थापत्याधिकाऱ्याकडे. खालून नौका निर्वेध जाव्यात म्हणून त्याने सुमारे २८ मीटर गाळ्याची एकच कमान योजिली. परंतु अशा कमानीचा सारा रेटा दोन्ही काठांवर येतो, आणि व्हेनिसचे काठ म्हणजे निव्वळ चिखल! म्हणून त्याने प्रत्येक काठाखाली सुमारे ६,००० लाकडी खुंट ठोकून घेतले, आणि शेजारच्या इमारतींस धक्का लागू नये म्हणून पाया पायऱ्यापायऱ्यांनी खोदला.

नेमक्या या पायावरच आक्षेप आले. काम चालू असतानाच चौकशी नेमली गेली, साक्षी झाल्या. स्कामोत्सी या नामांकित वास्तुविशारदाने तर पूल ढासळणार असे भाकीत केले. म्हाताऱ्याने पाया बदलला नाही. चौकशीअंती काम पुढे चालू राहिले आणि १५९१ मध्ये पूल पुरा झाला.

पुढे १८५४ पर्यंत महाकालव्यावर दुसरा पूलच नव्हता. अडीच शतकांहून अधिक काळ साऱ्या शहराची पायी ये-जा या एकाच कमानीवरून झाली, आणि ती आजही उभी आहे. प्रवासी तिचे शुभ्र कठडे आणि दुकानांच्या रांगा पाहून जातात. ज्यांवरून चौकशी झाली ते खुंट पाण्याखालच्या गाळात, वाऱ्याचा स्पर्श नसल्यामुळे न कुजता, कोणाच्याही दृष्टीस न पडता भार वाहत आहेत. आपल्या खात्यांतही असे पाया घालणारे असतात. त्यांच्याविषयीचे शेरे मात्र बहुधा काम पुरे होण्याआधीच लिहिले जातात.