नैनसिंहांच्या पेटीत काय होते?

जपमाळेत १०८ मणी असतात. १८६५ साली काठमांडूहून तिबेटकडे निघालेल्या एका प्रवाशाच्या माळेत मात्र मोजून १०० मणी होते. वाटेत कोणी ते मोजले असते तर प्रवास तिथेच संपला असता, आणि कदाचित प्रवासीही.

हा प्रवासी म्हणजे कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत. त्या काळी तिबेटची दारे युरोपीय लोकांना बंद होती. हिमालयाची शिखरे मैदानातून मोजून झाली होती, पण त्यांच्या पलीकडचा नकाशा जवळपास कोरा होता. ल्हासाचे नेमके स्थानही निश्चित नव्हते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील कॅप्टन टॉमस माँटगोमेरी यांनी यावर तोड काढली: सीमेपलीकडे ज्यांचे येणे-जाणे सहज खपून जाते, अशा भारतीयांनाच शिकवून पाठवायचे. १८६३ मध्ये मोहम्मद हमीद यांना लडाखमार्गे यारकंदला पाठवून या कल्पनेची चाचणी झाली. हमीद परतीच्या वाटेवर मरण पावले. त्यांच्या नोंदी मात्र हाती आल्या. त्याच वर्षी नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंह यांची निवड झाली व देहरादूनला त्यांचे शिक्षण सुरू झाले.

खरा पेच सामानाचा होता. याच सर्वेक्षणात लॅम्टन यांनी वापरलेला मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता आणि तो वाहून न्यायला माणसांचा ताफा लागे. नैनसिंहांचे सारे सामान मात्र व्यापाऱ्याच्या किंवा यात्रेकरूच्या बोचक्यात शोभेल असेच असायला हवे होते. शिवाय नाक्यावर झडती होणार, हे गृहीतच होते.

अंतर मोजायला सोबत साखळी नव्हती. चढ असो, उतार असो वा सपाटी, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे याचा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला होता. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावले, म्हणजे साधारण पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद होते आणि दिशा व अंतराच्या नोंदी त्यांवर होत. प्रार्थनाचक्र उघडून पाहण्याचे धाडस कोणताही अधिकारी करत नसे. (पुढे किशनसिंह या त्यांच्याच भाऊबंदाला एका मोहिमेत घोड्यावर बसणे भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले मोजली.)

अक्षांशासाठी सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात होता. पण सेक्स्टंटला क्षितिज लागते आणि डोंगरांच्या गर्दीत खरे क्षितिज दिसत नाही. म्हणून पारा. तो नारळात भरून घेतला होता आणि राखीव साठा मेणाने तोंड बंद केलेल्या कवड्यांमध्ये होता. भोटिया माणसाच्या कमरेला नेहमी असतो तसल्या लाकडी वाडग्यात पारा ओतला की आरसा तयार होई. ताऱ्यामधला आणि त्याच्या प्रतिबिंबामधला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. या युक्तीची एक मर्यादा विद्यार्थ्यांनी कागदावर तपासून पाहण्याजोगी आहे. मोजलेला कोन खऱ्या उन्नतांशाच्या दुप्पट असतो आणि सेक्स्टंटची पट्टी साधारण १२० अंशांच्या आसपास संपते. उन्हाळ्यात ल्हासाचा मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दुप्पट कोन पट्टीत मावतच नाही. नैनसिंह तेथे पोहोचले जानेवारी १८६६ मध्ये. त्या दिवसांत सूर्य मध्यान्ही सुमारे ३९ अंशांवर असतो. दुप्पट ७८, म्हणजे सहज मोजता येण्याजोगा.

रात्री ताऱ्यांचे वेध घेताना पट्टीवरचे आकडे वाचायला उजेड हवा. त्यासाठी नेलेला चांगला कंदील तिबेटी अधिकाऱ्यांच्या मनात भरला आणि संशय नको म्हणून नैनसिंहांना तो देऊन टाकावा लागला. पुढे साधी तेलवात. वारा तीही टिकू देत नसे. मग वेध घेऊन सेक्स्टंट तसाच अलगद ठेवायचा आणि आकडा सकाळी वाचायचा! या मोहिमेतील सगळ्यांत कठीण क्षण घाटात नव्हे, अशा रात्रींत असावेत.

उंची मोजायला नाजूक वायुभारमापक उपयोगाचा नव्हता. त्याऐवजी पोकळ काठीत तापमापक ठेवला होता. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. ल्हासाला ते सुमारे ८८ अंश सेल्सिअसला उकळते. स्थूलमानाने एका अंशाचा फरक म्हणजे ३०० मीटर. दशांशाची चूक झाली तर ३० मीटर इकडचे तिकडे. शिवाय हवामान बदलून दाब पाच मिलिबारने हलला, तरी उंचीत ६० मीटरांचा घोळ होतो. उपकरण ढोबळ खरे; पण चहासाठी आधण ठेवणाऱ्या प्रवाशावर कोण संशय घेणार?

सीमेवर सामानाची झडती झाली आणि चोरकप्पे सापडले नाहीत. सुमारे १,२०० मैलांच्या त्या वाटचालीतून, म्हणजे चोवीस लाखांच्या घरातील पावलांतून, ३१ ठिकाणांचे अक्षांश व ३३ ठिकाणांच्या उंची हाती आल्या आणि त्सांगपो नदीचा मोठा प्रवाहमार्ग नकाशावर उमटला.

एक गोष्ट मात्र पेटीत मुद्दामच ठेवलेली नव्हती: गणित. वेधांवरून अक्षांश आणि उंची कशी काढायची, हे या पंडितांना शिकवले गेले नाही. ज्याला उत्तर काढता येत नाही, त्याला खोटे आकडेही रचता येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. आजच्या प्रयोगशाळांत विश्लेषकापासून उत्तर झाकून ठेवण्याची पद्धत आहे, तिच्याशी याचे साम्य दिसते. पण तिथे संशोधक स्वतःच्या मनावर अविश्वास दाखवतो. इथे साहेबाने नोकरावर दाखवला होता. विश्वासार्हता वाढली हे खरे, आणि तिची किंमत कोणी मोजली हेही उघड आहे. सेवेत असेपर्यंत छापील अहवालांत त्यांचा उल्लेख केवळ ‘पंडित’ असा होई. त्याच नैनसिंहांनी हिंदीत ‘अक्षांश दर्पण’ नावाचे पुस्तक लिहिले.

त्यांची शेवटची मोठी मोहीम जुलै १८७४ मध्ये लेहहून निघाली. या वेळी ओझी वाहायला २६ मेंढ्या होत्या. वाटेतल्या गवतावर जगत त्यांपैकी चार-पाचच ल्हासापर्यंत टिकल्या. नोव्हेंबरात तेथे पोहोचल्यावर लेहचा एक ओळखीचा व्यापारी भेटला आणि बिंग फुटण्याची वेळ आली. नैनसिंहांनी तातडीने सामानाची वाटणी केली. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी दोन माणसांबरोबर लेहकडे रवाना केल्या आणि मोजक्या वस्तू घेऊन स्वतः दक्षिणेला वळले. तवांगला त्यांना बराच काळ अडवून ठेवण्यात आले. मार्च १८७५ मध्ये ते आसामातील उदलगुडीला उतरले. प्रकृती आणि दृष्टी, दोन्ही तोपर्यंत खालावल्या होत्या. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले, या वेळी नावानिशी. पुन्हा मोहिमेवर ते गेले नाहीत. नव्या पंडितांना शिकवत राहिले.