विजेची गाडी आणि मुळशीचे पाणी



३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत आपल्या देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. तिला आगगाडी म्हणावे की नाही हाही प्रश्नच, कारण तिच्यात आग नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते समारंभ झाला. शाळेत आपण ही तारीख शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्या गाडीसाठी पैसा कोणाचा लागला, आणि विजेसाठी पाणी कोणाच्या शेतात साठवले गेले, हे धड्यात सहसा नसते. ते आज सांगायचे आहे.

आधी पैशाचे बघू. जी. आय. पी. रेल्वे ही विलायतेतली कंपनी. १८४९ साली तिच्याशी करार झाला तेव्हा सरकारने दोन गोष्टी कबूल केल्या. रूळांसाठी जमीन फुकट द्यायची, आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी घ्यायची. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून भरायची. आता त्या काळी तिजोरीत सर्वांत मोठी भर होती ती शेतसाऱ्याची. म्हणजे ज्या कुणब्याने गाडी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, त्याच्या साऱ्यातून लंडनच्या भागधारकाचे व्याज जात होते. रेल्वेने देशाचे कल्याण केले नाही असे मी म्हणत नाही. पण ती कंपनीने आपल्या जोखमीवर बांधली, असे जे पुष्कळदा सांगितले जाते, ते काही खरे नाही. जोखीम रयतेची होती.

पुढे १९०० साली सरकारने हा मार्ग विकत घेतला. मालकी सरकारची झाली, पण कारभार कंपनीकडेच राहिला. याविरुद्ध हिंदी पुढारी कायदेमंडळात सतत बोलत होते. १९२० साली अ‍ॅक्वर्थ समिती नेमली गेली. तिने रेल्वेचा हिशेब सरकारच्या इतर हिशेबापासून वेगळा करण्याची शिफारस केली आणि बहुमताने सरकारी कारभाराचाही पक्ष घेतला. १९२४ मध्ये हिशेब वेगळा झाला. (तो पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळला गेला, तो थेट २०१७ साली.) १ जुलै १९२५ पासून जी. आय. पी. सरकारी कारभाराखाली आली. विजेची गाडी फेब्रुवारीतली आणि हा बदल जुलैतला, असा तो काळ आहे. सरकारी मालकीच्या मार्गावर लोकांच्या पैशाने जी पहिली मोठी कामे झाली, त्यांत हे विजेचे काम येते.

ते करायला कारणही तसेच होते. मुंबईची गर्दी वाढत चालली होती, आणि कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून आणावा लागे. शिवाय घाट होते. बोरघाटात सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ. वाफेच्या इंजिनांची तिथे दमछाक होई, मागून आणखी इंजिने ढकलायला लावत. खंडाळ्याजवळ एका ठिकाणी तर गाडी थांबून उलट्या दिशेने निघायची, कारण डोंगराने वळायलाच जागा ठेवली नव्हती. विजेच्या कामाबरोबर नवा मार्ग काढून ही कसरत बंद केली. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत तारा पोचल्या. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या लांबट, कण्हत चालणाऱ्या इंजिनाला लोकांनी नाव दिले ‘खेकडा’. त्यांतली पहिली काही इंजिने स्वित्झर्लंडच्या कारखान्यातली होती. डोंगर आणि पाणी भरपूर, पण कोळसा नाही, अशा त्या देशाने विजेच्या गाडीचे तंत्र चांगले साधले होते.

मग वीज कुठून आणली? सह्याद्रीचा माथा तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळते आणि ते पाणी पूर्वेकडे वाहत भीमेला मिळते. याच माथ्यावर पाणी अडवून, बोगद्यातून आणि नळांतून ते पश्चिमेला, कोकणाच्या तळाशी सोडायचे. पाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून ते आदळले की चक्र फिरते आणि वीज होते. ही कल्पना टाटांची. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, भिऱ्याचे १९२७ साली. ही वीज मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. तिच्यावर पुढे लोकलगाड्याही चालू लागल्या. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली ही बी. बी. सी. आय.ची विजेची गाडी सुरू झाली, तिलाही टाटांचीच वीज. घाटमार्गासाठी मात्र रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर बांधले, आणि त्यात जळत होता कोळसाच. गाडीचा धूर गाडीतून नाहीसा झाला तो काही अंशी ठाकुर्लीच्या धुराड्यातून निघू लागला, एवढेच.

भिऱ्याच्या वीजघराला पाणी लागणार होते ते मुळशीचे. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. हे मावळचे खोरे, आंबेमोहोर तांदळाचे. पाण्याखाली जाणार होती सुमारे पन्नास गावे. कंपनीच्या माणसांनी शेतकऱ्याला न विचारता त्याच्या रानात चर खणायला सुरुवात केली, आणि तिथूनच असंतोष पेटला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी कामावर जाऊन ते थांबवले. मुळशी सत्याग्रह म्हणतात तो हा. (बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तीही १६ एप्रिललाच, १८५३ साली. योगायोगच म्हणायचा.) विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे पुढारी. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते मुळशीमुळेच. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. बायकाही तुरुंगात गेल्या.

लढा हरला. का हरला, ते नीट पाहिले पाहिजे. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. या कायद्याने सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येत होती, मालकाची संमती असो वा नसो. कंपनी खाजगी, नफा खाजगी, पण काम मात्र सार्वजनिक ठरले. दुसरे कारण गावाच्या आतले आहे. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावावर गेल्या होत्या, आणि पुण्यातल्या त्या सावकारांना भरपाईचा पैसा पुरेसा वाटला. ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, जो पिढ्यान्पिढ्या तिथे नांगर धरत होता, त्याच्या हाती काय लागणार? डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी रुळावर दगड टाकून धरणाच्या कामावरची गाडी अडवली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच फेब्रुवारीत तिकडे कुर्ल्याची गाडी सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग विजेची गाडी नकोच होती का? तसे नाही. कोळसा वाचला, घाट सोपा झाला, लाखो लोक रोज कामावर जाऊ लागले. पाणी हे कोळशासारखे एकदा जाळून संपत नाही. दर पावसाळ्यात ते पुन्हा येते. आज आपण तिला नवीकरणीय ऊर्जा म्हणतो. पण पाणी दरवर्षी येते म्हणून ते फुकटचे होत नाही. मुळशीचे पाणी भीमेत जायचे, ते कोकणात उतरले. सोलापूरकडच्या दुष्काळी भागातून ते परत पूर्वेला वळवा अशी मागणी आजही होते. आणि ज्यांची गावे बुडाली त्यांच्या डोक्यावरून मुंबईला तारा गेल्या, त्यांच्या वस्त्यांवर दिवा लागायला मात्र कित्येक दशके लागली. रेल्वेच्या खर्चाच्या वहीत रूळ, तारा, इंजिने यांची किंमत पैशापर्यंत लिहिलेली असते. मुळशीची किंमत त्या वहीत कधी चढलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने स्वतः कोयनेचे धरण बांधले. १९६२ साली तिथली वीज सुरू झाली. मालकी बदलली, विस्थापितांची परवड मात्र तिथेही चुकली नाही. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती हवी, असे केंद्राच्या कायद्यात आले ते २०१३ मध्ये, रामनवमीच्या त्या दिवसानंतर ब्याण्णव वर्षांनी.

रेल्वेचे म्हणाल तर १९५७ मध्ये पंचवीस हजार व्होल्टची, एसी प्रवाहाची पद्धत स्वीकारली गेली. मुंबईची जुनी दीड हजार व्होल्टची डीसी पद्धत हळूहळू बदलत २०१६ पर्यंत संपली. कोकण रेल्वेवर २०२२ पर्यंत तारा आल्या, आणि २०२५ पर्यंत देशातल्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्गांवर वीज पोचली. हा पैसाही लोकांचाच, बहुतेक केंद्र सरकारच्या तिजोरीतला. पण तारांतली वीज अजून निम्म्याहून कितीतरी अधिक कोळशाचीच असते. म्हणून रेल्वे आता सूर्याकडे आणि वाऱ्याकडे वळते आहे. त्यालाही जमीन लागते, आणि पुष्कळ लागते. शिक्षक मंडळींनी वर्गात हा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा: गावाजवळ सौर प्रकल्प आला तर जमीन कोणाची, गायरान असेल तर गुरे कुठे, वीज कोणाला.

२०२० साली मध्य प्रदेशात बीना येथे रेल्वेने १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला. त्याची वीज सरळ गाडीच्या तारेत जाते. पट्ट्या बसवल्या त्या रेल्वेच्या स्वतःच्याच मोकळ्या जागेवर. त्यासाठी कोणाचे शेत घ्यावे लागले नाही.