देवळालीचा ताप

जुन्या पिढीतला इंग्रज माणूस एखाद्याचे डोके फिरले असे सांगताना त्याला ‘डूलॅली’ म्हणतो. ऐकायला हा शब्द निव्वळ इंग्रजी वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. इंग्रजाच्या तोंडात ‘द’चा ‘ड’ झाला, ‘ळ’ त्याच्याकडे नाहीच, आणि देवळालीची डूलॅली झाली.

मूळ प्रयोग मात्र दोन शब्दांचा होता : ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. कोशकार तो फारसी-हिंदुस्थानी ‘तप’वरून आला असे सांगतात आणि त्याचे नाते संस्कृत ‘ताप’शी जोडतात. म्हणजे अख्खा शब्दप्रयोग ‘देवळालीचा ताप’ असा होतो.

हा ताप कसला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी झाली. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई इथून पुढे जात आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजासाठी इथे येऊन थांबत. फौजेची जहाजे साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. मार्चनंतर मुदत संपलेल्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढावा लागे. फ्रँक रिचर्ड्स या रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधल्या साध्या शिपायाने 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. हाताला काम नाही, घरी जाण्याचा दिवस ठरलेला नाही. मग दारू, बाजार, आजार, शिक्षा. वर्षानुवर्षे नेकीने नोकरी केलेली माणसे शेवटच्या काही महिन्यांत ढासळत.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द निघाला, अशी एक समजूत आहे. आपण ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ म्हणतो, तसेच हे असावे असे वाटणे साहजिक आहे. पण रिचर्ड्सचे वर्णन वाचल्यावर मला ते पटत नाही. ठाणे आणि येरवडा ही वेडावरच्या इलाजाची ठिकाणे. देवळालीत मात्र माणूस शहाणा येई आणि वाट पाहून पाहून बिघडे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा प्रयोग फौजेत सर्वत्र रुळला होता. 1925 साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी केलेल्या सैनिकी शब्दांच्या संग्रहात तो नोंदलेला आहे. ‘खुशी’वरून ‘कुशी’, ‘देखो’वरून ‘डेको’, ‘विलायती’वरून ‘ब्लायटी’ हे शब्द याच वाटेने इंग्लंडात पोचले. पुढे ‘टॅप’ गळाला. माझा तर्क असा की, इंग्रजी कानाला तो नळ किंवा टकटक वाटला असावा. ताप गळाला तशी आजाराची जाणीवही गेली आणि थट्टा तेवढी उरली. 1974 ते 1981 या काळात बीबीसीवर गाजलेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ या विनोदी मालिकेतले सैनिकी नाटक-पथक सुरुवातीला देवळालीतच होते.

मी जांबचा, समर्थांच्या जन्मगावचा. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध तापांना एकेक समास दिला आहे. त्यातल्या आध्यात्मिक तापात देहाच्या रोगांची भली मोठी यादी येते आणि मनाचे क्लेशही त्याच तापात मोडतात. परंपरेनुसार समर्थांनी बारा वर्षे तप केले ते टाकळीला, म्हणजे नाशिकलाच, देवळालीपासून काही मैलांवर. आजही आपण सहज ‘डोक्याला ताप’ म्हणतो. त्या गोऱ्या शिपायांनी आपल्या दुखण्याला वेड म्हटले नाही, ताप म्हटले. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या देवळालीला हवापालटासाठी जात आले. आजारातून उठलेल्यांसाठी तिथे आरोग्यभवने उभी राहिली. माणसे बरी होण्यासाठी जिथे जात, त्याच गावाचे नाव इंग्रजीत डोके फिरल्याची खूण होऊन बसले आहे. यापुढे इंग्रजी कादंबरीत ‘डूलॅली’ भेटला, तर वाचकांनी त्याला त्याचा गळालेला ताप मनातल्या मनात परत जोडून वाचावा.