भात, भत्ता आणि बट्टा

‘भक्त’ म्हटले की आपल्याला टाळमृदंग आठवतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा एक अर्थ चक्क ‘अन्न’ असा आहे. ‘भज्’ म्हणजे वाटणे. जे वाटून आपल्या वाट्याला आले ते भक्त. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘भक्तवेतन’ हा जोडशब्द येतो, म्हणजे शिधा आणि वेतन. प्राकृतात ‘भक्त’चे ‘भत्त’ झाले आणि मराठीत ‘भात’.

हिंदीत भात फक्त शिजलेला; शेतात असते ते धान. मराठीला हा भेद मान्य नाही. कोकणात भात लावतात, झोडतात, कांडतात आणि जेवतातही. कानडीत ‘भत्त’ म्हणजे सालासकट धान्य. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी हाच शब्द उचलून ‘बाते’ केला, इंग्रजांनी ‘बॅटी’. जुन्या मुंबईच्या इंग्रजी कागदपत्रांत भातखाचरांना ‘बॅटी ग्राउंड’ म्हटलेले सापडते. भात मोजायची आपली खंडीही त्यांच्या वह्यांत ‘कँडी’ होऊन बसली.

अठराव्या शतकातल्या मुंबईत ‘बॅटी’ या शब्दाला मरण नव्हते. बेटावर माडाच्या वाड्या होत्या, खाचरेही होती, पण वाढत्या वस्तीचे पोट त्यांवर भरत नसे. धान्य साष्टीतून येई, कानडा किनाऱ्यावरून गलबतांनी येई. मंगळूरकडचा हाच तांदूळ गोव्याला आणि थेट मस्कतलाही जाई. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा मुंबईच्या दारातली भातशेती पेशव्यांच्या अमलाखाली गेली. ईस्ट इंडिया कंपनीने डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची पदरात पाडून घेतली. त्यामागे बंदराच्या संरक्षणाबरोबर भाताचे गणितही होते.

आता भत्ता. छावणीबाहेर मोहिमेवर गेलेल्या सैनिकाला पोटापाण्यासाठी पगाराशिवाय जे मिळे, त्याला कंपनीच्या दप्तरात ‘बत्ता’ म्हणत. युल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचा संबंध कानडी ‘भत्त’शी, म्हणजे भाताशीच जोडला आहे. शिध्याऐवजी रोकड आली, नाव शिध्याचेच राहिले.

रोकड आली म्हणजे सराफ आला, आणि सराफ आला म्हणजे बट्टा. एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवायचे, किंवा झिजलेला रुपया वटवायचा, तर कापून घेतली जाणारी रक्कम म्हणजे बट्टा. इंग्रजांना ‘भ’ही उच्चारता येईना आणि ‘ट्ट’ही, त्यांनी भत्ता आणि बट्टा दोन्ही एकाच स्पेलिंगमध्ये कोंबले. एकाने पगार वाढे, दुसऱ्याने घटे, आणि कागदावर दोन्ही सारखेच!

या भत्त्यापायी कंपनीच्या बंगाल फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंडही केले. प्लासीच्या लढाईनंतर नवाब मीर जाफरने त्यांचा भत्ता दुप्पट केला होता. गव्हर्नर क्लाइव्हने १ जानेवारी १७६६ पासून ती चैन बंद केली, तेव्हा मुंगेर, बांकीपूर आणि अलाहाबाद इथल्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनाम्यांचा कट केला. क्लाइव्हने तो मोडून काढला. मुंगेरच्या ब्रिगेडचा प्रमुख सर रॉबर्ट फ्लेचर बडतर्फ झाला. इथवर येताना ‘भत्ता’ पोटाचा राहिला नव्हता, हक्काचा झाला होता. मूळ धातूचा अर्थ ‘वाटा’ असा असल्याने त्यात शब्दाचे काही बिघडले नाही.

आज प्रवासभत्ता आहे, घरभाडे भत्ता आहे, गणवेशाचाही भत्ता आहे. त्यांत मूळ अर्थाला सर्वांत जवळचा महागाई भत्ता. तो ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, त्यात सर्वांत मोठा वाटा आजही अन्नपदार्थांचाच आहे.