दोन सेकंदांचं उत्तर

आमच्या कंपनीत दरवर्षी लैंगिक छळ प्रतिबंधाचं एक ऑनलाइन ट्रेनिंग करावं लागतं. आधी स्लाइड्स, मग प्रश्न. यंदाचा एक प्रश्न असा होता: 'समोरच्या व्यक्तीने विरोध केला नाही, म्हणजे तिची संमती आहे. बरोबर की चूक?' मी 'चूक' निवडलं आणि पुढे गेलो. दोन सेकंद लागले असतील.

पण नंतर दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने मला एका सीनिअरबद्दल सांगितलं होतं. फेस्टची रात्र, रिकामी लॅब. ती तुटक तुटक सांगत होती आणि मी विचारलं होतं, "मग तू ओरडली का नाहीस?" मला वाटत होतं, मी मदतच करतोय. बग सापडावा म्हणून आपण तपशील मागतो, तसंच काहीसं. ती गप्प झाली आणि हा विषय तिने माझ्याजवळ पुन्हा कधीच काढला नाही.

माझा तो प्रश्न फार जुना आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आपल्याच राज्यातून तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आज गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. तिचं एका तरुणावर प्रेम होतं. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली, म्हणून सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेतलं. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, असं तिने सांगितलं. दारूच्या नशेतल्या हेड कॉन्स्टेबलनेही तिच्याशी लगट केली, असंही सांगितलं. भाऊ आणि इतर नातलग बाहेरच उभे होते. ठाण्यातले दिवे गेले, दार बंद झालं, हे त्यांना दिसत होतं. पुढे जमलेल्या गर्दीने ठाणं जाळायची धमकी दिली, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली.

'रात्री एकटी फिरू नकोस, सुरक्षित जागी थांब' हा सल्ला कॉलेजात मुलींना हमखास मिळतो. ती मुलगी पोलीस ठाण्यात होती आणि तिची माणसं दाराबाहेर होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटं बोलते, असं त्या निकालाचं म्हणणं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून शिपायाला पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता. म्हणजे जे झालं ते तिच्या मर्जीनेच झालं, असा तर्क त्यामागे होता.

'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यातला तो तर्क पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी लॅपटॉप मिटला. माझं वाक्य दुसऱ्या कुणीतरी निकालात लिहून ठेवलं होतं.

या निकालाला जाहीर आव्हान दिलं ते कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. संमती वेगळी आणि निरुपायाने सोसणं वेगळं. ठाण्यात अडकलेल्या, गरीब, अल्पवयीन आदिवासी मुलीने दोन पोलिसांशी झटापट करायला हवी होती, ही अपेक्षाच कशी करता? लग्नाआधी तिचे कुणाशी संबंध होते, म्हणून पोलिसांना मोकळीक मिळते का?

पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८०च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला. ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा चालवा म्हणाल्या. तो पुन्हा चालला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचे सगळे बदल तिच्या नावावर जमा आहेत.

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीशी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि आपली संमती नव्हती असं तिने न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा ठरला तोही याच दुरुस्तीत. हा खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो, कारण तिच्या वेळी हे कलम नव्हतं. मी ते नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

बाकीचे बदल एकेक करत आले. १९९७ मध्ये विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीवर बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर २०१३ मध्ये संमतीची व्याख्या कायद्यात लिहिली गेली: स्पष्ट आणि स्वेच्छेने दिलेला होकार. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हेही तिथेच लिहिलं. आज ही व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. मुलीला 'सवय' आहे का हे ठरवणारी 'टू फिंगर टेस्ट' करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२२ मध्ये. या मुलीच्या निकालातही त्या तपासणीचा उल्लेख आहे.

१९७२ ते २०१३. माझ्या दोन सेकंदांच्या उत्तराला ४१ वर्षं लागली होती.

कॉलेजपुरतं बोलायचं तर यूजीसीच्या २०१५च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष स्त्री असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतात. पोलिसांत जायचं तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. बलात्कारानंतरचे प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत द्यायचे आहेत, आणि जितकं लवकर जाल तितकं बरं. ११२ आणि १८१ हे नंबर फोनमध्ये असू द्या.

आमच्या कॉलेजात समितीच्या नावांचा कागद होता. कँटीनच्या वाटेवरच्या बोर्डावर, फेस्टच्या पोस्टरखाली अर्धा झाकलेला. मी तो चार वर्षांत एकदाही वाचला नाही.

पण अशी गोष्ट कुणी पहिल्यांदा सांगतं ते समितीला नाही, मित्राला किंवा मैत्रिणीला. हॉस्टेलच्या गच्चीवर, चहाच्या टपरीवर. त्या क्षणी आपणच सत्र न्यायालय असतो आणि आपणच नागपूर खंडपीठ. 'ओरडली का नाहीस', 'गेलीच कशाला', 'इतके दिवस गप्प का होतीस' हे प्रश्न गिळायचे. 'माझा विश्वास आहे. आत्ता तुला काय हवंय? मी सोबत येऊ का?' एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढे काय करायचं ते तिने किंवा त्याने ठरवायचं.

ट्रेनिंग संपवल्याचं सर्टिफिकेट मेलवर आलं. त्या रात्री मी तिला मेसेज केला. तेव्हा मी काय विचारलं होतं ते लिहिलं आणि माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'लक्षात आहे. बरं केलंस. पण तेव्हा हवं होतं.'