नव्या डोमेनवर अविश्वास का?

आमच्या वाचनालयाने नवं डोमेन घेतलं आणि आठवड्यातच वार्षिक सभेची नोटीस ईमेलने धाडली. निम्म्या सभासदांकडे ती स्पॅममध्ये पडली. गणसंख्येअभावी सभा तहकूब! आधी चिडलो, मग मुळाशी गेलो.

३ मे १९७८ ला डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. पहिला स्पॅम तोच मानतात. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी बदनाम आयपी पत्त्यांची काळी यादी सुरू केली. पुढे डोमेनच्याही याद्या आल्या. स्पॅमवाल्यांनी पळवाट काढली: आज डोमेन घ्यायचं, लाखो मेल सोडायचे, यादीत नाव येईपर्यंत ते टाकून द्यायचं. त्यात नोंदणी पाच दिवसांत रद्द केली की शुल्क परत मिळायचं. २००९ मध्ये आयकॅनने ही सवलत आवळली, पण तोवर फिल्टर शहाणे झाले होते. पूर्वेतिहास नाही, तर भरवसा नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. म्हणून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी करा, सुरुवातीला ओळखीच्यांनाच थोडे मेल पाठवा, हळूहळू वाढवा.

आणि सभेची नोटीस फळ्यावरही लिहा!